हात द्यायचा शॉट

आमच्या मालिकेत मेलेलं माणूस फार काळ मेलेलं राहत नसे. स्फोटात गेलेली नायकाची आई पुढच्या पर्वात चष्मा लावून शाळेची मुख्याध्यापिका झाली. पहिल्या पर्वातला खलनायक मिशी काढून पोलीस अधिकारी झाला आणि स्वतःच्याच जुन्या गुन्ह्यांचा तपास करू लागला. कथांचंही तेच. ब्रेक निकामी झालेली बस, खचलेला पूल, पाण्याच्या टाकीवरून लोंबकळणारा माणूस. लेखक उजवीकडून येणारी बस डावीकडून आणायचा आणि नवा भाग म्हणून आमच्या हातात ठेवायचा. मी संकलक. जुन्याच सदऱ्याला नवी बटणं लावून द्यायची, हे माझं काम.

एकच माणूस कधी बदलला नव्हता. नभचर. निळा पोशाख, नाकापर्यंत मास्क, खाली फक्त ओठ आणि हनुवटी. त्या मास्कच्या आत माझा थोरला भाऊ होता.

दादानंच मला या कामात आणलं. त्याच्या ओळखीवर मला संकलनाच्या खोलीत खुर्ची मिळाली. पुढे मी माझ्या कामानं टिकले, पण नाव निघायचं ते ‘नभचरची बहीण’ असंच. घरी पाहुणे आले की त्याच्याभोवती गोळा व्हायचे आणि मी चहा आणायचे. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी म्हणायचे. वाटायचं.

या पर्वाच्या सुरुवातीला निर्मात्या बाईंनी आम्हा चौघांना आत बोलावलं. दादा त्यात नव्हता. त्याचा गुडघा गेला होता, पोट सुटलं होतं आणि पोशाख पाठीत दोनदा उसवला होता. बाईंना एक तरुण नट पसंत होता, पण प्रेक्षक काय म्हणतील याची धास्ती होती. सगळे माझ्याकडे बघू लागले. बहीण काय बोलते, याचीच वाट होती. मी ‘विचार करू’ म्हटलं असतं, तरी तो विषय तिथेच मिटला असता.

मी म्हटलं, “मास्क आहे ना. आत कोण आहे, कोण बघतंय?”

बाई हसल्या. झालं.

दादाला सांगितलं गेलं की वाहिनीचा निर्णय आहे. त्यानं मला विचारलं, “तुला आधी कळलं होतं का गं?” मी नाही म्हणाले. त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, “जाऊ दे. निदान जेवण तरी पोटभर जेवता येईल आता.”

नवा नट दिसायला देखणा, पण उंचीला घाबरायचा. दोरावर चढवला की त्याचे पाय लटपटत. त्यामुळे झेप, उड्डाण आणि वाचवणं, सगळं दादाच्या जुन्या चित्रीकरणातूनच घ्यायचं ठरलं. त्यातला एक शॉट आम्ही जागोजागी वापरायचो. नभचर गच्चीच्या कडेवर गुडघा टेकतो, खाली वाकतो, कॅमेऱ्याकडे बघतो आणि हात पुढे करतो. आम्ही त्याला ‘हात द्यायचा शॉट’ म्हणायचो. तो मुका होता, वर फक्त संगीत चढवायचं. बस असो की पूल, हात तोच. त्यातली एकूण एक फ्रेम मला पाठ होती.

म्हणूनच बसच्या भागाला तो शॉट लावताना मी थबकले. नभचरचे ओठ हलले.

मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. हात पुढे करण्याआधी ओठ किंचित उघडून मिटले होते. मदतनीस मुलीला बोलावलं.

“हे आधी होतं का गं?”

“काय, ताई?”

“ओठ.”

तिनं वाकून पाहिलं. “असेल की. श्वास घेतलाय त्यांनी.”

मूळ फाइल उघडली. तिथेही ओठ हलत होते. मग माझ्याच लक्षात राहिलं नसेल, असं म्हणून मी पुढे गेले.

पुलाच्या भागात तो बोलत होता. आता श्वासाचा प्रश्नच नव्हता. मी शॉट सावकाश चालवला. ओठ मिटून उघडले, मग गोल झाले, पुन्हा गोल झाले, मिटले, फाकले. लोकांच्या बोलण्याला ओठ जुळवण्यात माझी अर्धी नोकरी गेलेली. तरी मी ते जुळवायचं टाळत होते. शेवटी खोलीचं दार लावलं आणि स्क्रीनकडे बघत तेच वाक्य हळूच म्हणून पाहिलं.

मास्क आहे ना. आत कोण आहे, कोण बघतंय?

तंतोतंत बसलं. माझं वाक्य आणि त्याचे ओठ बरोबरच संपले. मग त्यानं नेहमीसारखा हात पुढे केला.

मी त्या शॉटचा हाताआधीचा भाग उडवला आणि थेट हातापासून सुरुवात केली. काम भागलं. मी कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार? आणि बोलायचं तर ते वाक्य सांगावं लागलं असतं.

त्यानंतर टाकीचा भाग आला. यात टाकीवरून लोंबकळणारा म्हातारा पहारेकरी लागणार होता आणि बाईंना दादाची आठवण झाली. “घरचाच माणूस आहे,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, दादा चिडेल. तो पांढरी दाढी लावून हजर झाला. खाली गाद्या अंथरल्या होत्या, धोका काही नव्हता. लोंबकळत असतानासुद्धा तो खालच्या लोकांना हसवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीत आला, दोन कप चहा घेऊन. स्क्रीनवर तो खाली लटकत होता आणि वरून तोच स्वतःला हात द्यायला वाकत होता.

“बघ,” तो म्हणाला, “शेवटी मलाच मी वाचवायचं. दुसरं कोण येणार?”

तो थट्टेत म्हणाला. मी कप खाली ठेवला.

“काय गं? काही बोलायचंय का?”

तेव्हा सांगायला हवं होतं. तो समोर होता, दार बंद होतं. तो रागावला असता, दोन दिवस बोलला नसता, मग वहिनीनं मध्ये पडून मिटवलं असतं.

“नाही रे,” मी म्हणाले. “दाढी छान दिसतेय.”

तो गेल्यावर मी तो शॉट कापला. ओठ उघडायच्या कितीतरी आधी. नभचर वाकतो, आणि लगेच निळा हातमोजा. भाग पाठवण्यापूर्वी मी तो पुनःपुन्हा पाहिला. बोलायला जागाच ठेवली नव्हती.

रविवारी संध्याकाळी दादाकडे सगळे टीव्हीसमोर बसलो. दादा, वहिनी, मी आणि त्यांची चिंगी, जिला बाबांचा मास्क उशाशी घेतल्याशिवाय झोप येत नसे. टाकी आली. दादा लटकला. चिंगीनं डोळे झाकून बोटांच्या फटीतून पाहिलं.

नभचर वाकला.

हातमोजा आला नाही. तो वाकलेलाच राहिला.

संगीत विरत गेलं.

ओठ उघडले. त्या मुक्या शॉटमधून आवाज आला. स्वच्छ, थोडा हसरा. तो दादाचा आवाज नव्हता. माझा होता.

“मास्क आहे ना. आत कोण आहे, कोण बघतंय?”

मग हात आला आणि पहारेकरी वर ओढला गेला. चिंगीनं टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाली, “छान घेतलंय हो.” त्या दोघींनी काहीही ऐकलं नव्हतं.

दादा पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “या शॉटला संवाद नव्हता.”

“नव्हता.”

“कुठे बोललीस हे?”

“बाईंच्या खोलीत,” मी म्हणाले. “तुला काढायचं ठरलं, तेव्हा.”

त्यानं मान हलवली. तो रागावला नाही. रागावला असता तर मी रडून मोकळी झाले असते. जेवताना त्यानं “मीठ दे” म्हटलं, तेही वहिनीला, मीठ माझ्यापाशी असताना.

त्यालाही महिने झाले. दादा माझ्याशी बोलतो. पाऊसपाणी, तब्येत, चिंगीचा अभ्यास. डोक्यावर टपली मारत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा चिंगी एकटीच जुने भाग बघत बसली होती. पहिलं पर्व, पहिली बस. मी तिच्याशेजारी टेकले. नभचर गच्चीच्या कडेवर आला, गुडघा टेकला. मला दिसली ती त्याची पाठ. हात पलीकडे गेला, ज्याला वाचवायचं तो माणूसही पलीकडेच होता. मी रिमोट घेऊन पूल लावला. पाठ. टाकी लावली. पाठ. दुसरं पर्व, तिसरं, जाहिरातीतला तुकडासुद्धा.

“चिंगे,” मी विचारलं, “नभचरचं तोंड का दिसत नाही गं?”

तिनं पडद्यावरची नजर न काढता माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.

“दिसतंय की, आत्या,” ती म्हणाली. “आमच्याकडेच तर बघतोय.”