पालथी बरणी

नुहाद तेलाचा डबा घेऊन अंगणात आली आणि जागीच थबकली. एक अनोळखी तरुण तिच्या बरण्या एकेक करून सरळ करत होता. अगदी मन लावून!

"अहो! हे काय चालवलंय?"

"सगळ्या पालथ्या पडल्या होत्या..." तो गोंधळून म्हणाला. "म्हटलं, उचलून ठेवाव्यात."

"पडल्या नव्हत्या, मी ठेवल्या होत्या! वांग्यांचं पाणी पुरतं निथळल्याशिवाय तेल ओतायचं नसतं. थेंबभर राहिलं तरी बुरशी धरते."

अठरा बरण्या होत्या. त्यांत बोटभर वांगी, वांग्यांच्या पोटात अक्रोड, लाल मिरची आणि लसूण. पणजीच्या काळापासून या घरचं मकदूस, म्हणजे तेलात मुरवलेली ही भरली वांगी, गावात नावाजलेलं, आणि यंदा आईनं पहिल्यांदाच सगळं नुहादच्या हाती सोपवलं होतं. त्यात हा कोण उपटसुंभ!

"मी रमझी. हिवाळ्यासाठी अक्रोड घेऊन आलोय," त्यानं पोत्याकडे बोट दाखवलं. "ब्राझीलमध्ये वाढलो हो... आमच्याकडे बरण्या सरळ असतात."

मग तिला ओळख पटली. आपल्या आत्याकडे उतरलेला, आजोबांची अक्रोडाची झाडं विकून नाताळाआधी परत जाणार असलेला तो हाच. दिसायला बरा होता. चांगलाच बरा होता, पण नुहादनं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"आता घाला परत पालथ्या. सगळ्या."

त्यानं मुकाट्यानं घातल्या. आणि मिरची लागलेल्या बोटांनी डोळे चोळले! त्याच्या डोळ्यांवर गार पाणी मारताना नुहादला ते फार जवळून बघावे लागले. तिची काही तक्रार नव्हती.

तीन आठवड्यांनी मकदूस मुरलं. आईनं एक वांगं चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा सरस झालंय गं." पहिली बरणी रमझीला गेली. देताना आईनं बजावलं, "आमच्याकडे बरणी रिकामी परत येत नाही, बाळा."

"लक्षात ठेवीन, मावशी."

ती परत आली ती मधानं भरून. नुहादनं तीत अंजिराचा मुरंबा घालून पाठवला. मग डाळिंबाचा पाक आला, मग तिच्याकडून लिंबाचं लोणचं गेलं. एकच बरणी गावभर मिरवत राहिली.

"आत्याची फडताळं रिकामी करतोयस की काय?" एकदा तिनं विचारलं.

"तूच भरून पाठवतेस... मग मला यावंच लागतं."

"यावं लागतं? एवढा त्रास होत असेल तर नको येऊस."

"नुहाद..."

"काय?"

"काही नाही. लोणचं झकास होतं."

डिसेंबर उजाडला. झाडांना गिऱ्हाईक मिळालं, गुरुवारचं विमान आहे, असं पावाच्या भट्टीवर कानावर आलं. नुहाद घरी आली आणि तिनं उगाचच सगळ्या बरण्या पुसून काढल्या. तो जायला नको होता. तो अजिबात जायला नको होता.

बुधवारी भुरभुर पावसात तो आला. तिनं झाकण उघडलं... बरणी रिकामी होती. धुऊन लख्ख, आणि रिकामी.

म्हणजे हा निरोपच होता. पण रडणाऱ्यातली ती नव्हे.

"तुला रीत माहीत आहे," ती त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली. "निरोप घ्यायचा तर तोंडानं घे. अशी बरणी नाही आणायची."

"आत्याच्या घरात होतं नव्हतं ते सगळं देऊन झालं," रमझी म्हणाला. "आता मीच उरलोय... म्हणून मीच आलो."

"आणि विमान?"

"तिकीट रद्द केलं. झाडंही नाही विकली. तुला दरवर्षी अक्रोड लागणार ना?"

"अक्रोड बाजारातही मिळतात," नुहाद म्हणाली. "मला तू हवा आहेस. पहिल्या दिवसापासून."

आतून आईचा आवाज आला, "अगं, किती वेळ पावसात उभं करशील त्याला!"

नुहादनं बरणी ओसरीवरच्या परातीत पालथी घातली. "उद्या आत्याला घेऊन ये. रीतसर मागणी घालायला. तोवर ही निथळू दे."

"आणि मी सरळ केली तर?"

"करून तर बघ!"

रमझीनं दोन्ही हात पाठीमागे बांधले.