रंगाचा शेवटचा हात

"सोडा ना!"

"तुमी सोडा. मी आधी धरलंय."

द्रोणागिरीच्या एका गोदामामागे, भर उन्हात, माल रचायच्या मोडक्या लाकडी पॅलेटची दोन टोकं दोघांनी धरली होती. एका टोकाला मैत्री, त्याच गोदामाच्या ऑफिसात काम करणारी. साहेबांना विचारून तिने ते मागून घेतलं होतं. दुसऱ्या टोकाला बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातला दीपेश, आपल्या होडीसाठी फळ्या शोधत आलेला.

"एवढ्या लाकडाचं काय करनार?"

"टेबल. लिहायचं."

"तुमी? स्वतः?"

"का? हातांवर मेंदी दिसतेय का माझ्या?"

तो मोकळं हसला... आणि त्याने टोक सोडलं. "ठोकनार कुठं?"

"घरी. बेलापूरला, तिसऱ्या मजल्यावर."

"सोसायटी ओरडंल. आमच्या अंगनात करा. करवत हाय, रंधा हाय, होडीचा उरलेला रंग पन हाय."

मैत्री संध्याकाळी विहारात मुलांना शिकवायची. वह्या तपासायच्या त्या पलंगाच्या कडेवर, शिक्षक पात्रता परीक्षेचा अभ्यासही तिथेच. पाठ भरून यायची. दुकानातलं टेबल परवडणारं नव्हतं, पण खरं म्हणजे तिला आपल्या हातचंच हवं होतं.

असे रविवार सुरू झाले.

आधी कटावणीने खिळे काढले. दीपेश जोर लावायचा आणि फळी चिरायची.

"ओढू नका. डोलवा... हळू. लहान मुलाचा दुधाचा दात काढतात तसा."

"आनि मूल रडलं तर?"

"मग गोष्ट सांगायची."

"सांगा की मग!"

फळ्या घासायच्या त्या आधी जाड पॉलिशपेपरने, मग बारीक. खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि ती सुकू द्यायची. रंगाची वेळ आली तेव्हा शिकवायची पाळी दीपेशची होती. "ब्रश एकाच दिशेनं. पुन्हापुन्हा फिरवू नको. रंगाला आपला आपन बसू दे."

'तुम्ही'चं 'तू' नेमकं कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

बाजूला काठ्यांवर बोंबील वाळत असायचे. दीपेशची आई येसूबाई ते परतता परतता टोमणा मारायची. "घराचं दार रंगव म्हनून वरीसभर सांगते. तवा तुला टाईम नाय. टेबलाला बरा टाईम हाय!"

एकदा खाली वाकून पेन्सिलीची खूण करताना मैत्रीचे केस डोळ्यांवर आले. ते मागे सारायला दीपेशने हात उचलला — पण बोटं निळ्या रंगाने माखलेली. हात तसाच परत गेला. मैत्रीने मान वर केली नाही... पण पेन्सिलीची रेघ वाकडी गेली.

सोमवारी ऑफिसात तिच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास यायचा. साबण समोर असूनही ती हात नुसत्या पाण्याने धुवायची.

आता रंगाचा एकच हात राहिला होता. तो दिला की टेबल घरी येणार. आणि मग? दिवाळ्याला जायचं निमित्त तरी कोणतं? बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने धीर करून मेसेज लिहिला, "तुझ्या मनात कुणी आहे का?" पाठवला, आणि डबा उघडाच राहिला.

लगेच उत्तर आलं. "हाय."

ती बघतच राहिली. एवढं विचारलं, आणि हा हाय-हॅलो करतोय? म्हणजे विषय टाळतोय. नाही म्हणायची सभ्य पद्धत... तिचा जीव एवढासा झाला. तरी आब राखायला तिने हात हलवणारं चित्र पाठवून दिलं. पुढे दोन्हीकडून काही नाही.

शेवटचा हात राहिला तर राहू दे, असं ठरवून रविवारी ती टेम्पो घेऊनच आली. पण दीपेशने एकट्यानेच शेवटचा हात देऊन टेबल अंगणात ठेवलेलं होतं. निळंशार. दीपेश तिच्याकडे न बघता म्हणाला, "रंग वाळलाय. न्या तुमी. गोनपाट आनतो गुंडाळायला."

तुमी...

तो आत गेला. तेवढ्यात बाजारातून परतलेल्या येसूबाईने डोक्यावरची पाटी सावरत गल्लीतूनच हाक दिली, "घरात कोन हाय का?"

आतून आवाज आला, "हाय!"

मैत्री जागच्या जागी थिजली. प्रश्न तोच. उत्तरही तेच.

तो गोणपाट घेऊन बाहेर आला, तेव्हा ती दारातच उभी होती. "दीपेश, बुधवारी तू काय लिहिलंस?"

"इचारलं त्याचं उत्तर. आनि तू हात हलवून टाटा केलंस."

"टाटा नव्हता तो! मला वाटलं, तू मला नुसतं हाय करतोयस..."

तो क्षणभर गोंधळला. मग त्याच्या हातातलं गोणपाट खाली पडलं. "आनि मी चार रात्री जागलो!"

"मुलांचं शुद्धलेखन तपासते मी," ती हसत होती, पण डोळे भरून आले होते, "आणि मला एक शब्द वाचता आला नाही... कोण आहे, सांग ना."

"आता लिहून देऊ?"

"लिहू नकोस. बोल."

"तू," तो म्हणाला. अगदी हळू.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. "मॅडम, चढवायचं का टेबल?"

"नाही दादा. आज नाही."

"खरंच नको?" दीपेशने विचारलं. "चांगलं वाळलंय."

मैत्रीने निळ्या फळीवरून तळवा फिरवला. "टेबल झालं रे. पण बसायला खुर्ची नको?"

"पायजे की." त्याचे डोळे हसले. "पन खुर्चीला लई दिवस लागतात."

"लागू देत," ती म्हणाली.