सरफेस प्लेटवरचा उंचवटा

सेलूच्या एका जिनिंगमधली सरफेस प्लेट झिजली होती. यंत्रांचे भाग सपाट आहेत की नाहीत, हे ज्या लोखंडी पाटावर ठेवून तपासायचं, तोच बिघडला होता. तो सरळ करायला पालमचा फिटर बन्सीधर आला, अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात. घरी बायको विमल तापानं पडली होती. दोन दिवसांत परतू म्हणून तो निघाला आणि नामांतराच्या दंगलीत एसटी बंद पडली.

काम चिकाटीचं. सपाट पट्टीला निळा रंग चोळून ती पाटावर फिरवायची. जिथं निळं उमटेल तो उंचवटा. स्क्रेपरनं तेवढाच खरवडायचा. पाट सरळ होत जातो तसे ठिपके सगळीकडे पसरतात. इथं ते मधोमध गोळा होऊ लागले.

बन्सीधरला आपल्या हाताचीच शंका आली. त्यानं उंचसखलपणा मोजणारा डायल गेज लावला, सुईचे आकडे खडूनं पाटावरच लिहिले आणि सारखे आकडे रेषांनी जोडले. उंचवटा केसापेक्षाही कमी होता. डोळ्यांना लोखंड सपाटच दिसत होतं.

मॅनेजर गोविंदराव मागे येऊन उभे राहिले.

"काय रे, पाट सरळ करायलास का बाईचं चित्र काढायलास?"

बन्सीधर हसला नाही. गाल, नाक, हनुवटी. डाव्या भुवईवर खळगा. विमल लहानपणी उखळावर पडली होती, तिथंच.

"साहेब, आकडे हायत ते. मी काय काढलं न्हाई."

"मग खरवड की. आकड्यांना भेतोस व्हय?"

त्याला स्वतःचीच लाज वाटली. नाक सगळ्यांत उंच, म्हणून तिथून सुरुवात केली. लोखंड खव्यासारखं मऊ लागलं. त्याला ऊब होती.

दुसऱ्या दिवशी विमलचा भाऊ आश्रुबा आला. सायकलीवर गंगाखेड गाठून पुढं रेल्वेनं.

"दाजी, चला."

"ताप वाढला?"

"उतरला ताप. पण अक्काचं नाक बसायलंय."

"म्हंजी?"

"दुखत न्हाई म्हणती. डाक्टरला कळंना. सकाळी व्हतं तेवढं सांजला न्हाई."

बन्सीधरनं स्क्रेपर बाजूला ठेवला. त्यानं गेज पाटावरच्या गालावर टेकवला. गाल त्यानं अजून खरवडलेला नव्हता. तरी सुई खडूच्या आकड्याच्या खाली होती. बघता बघता आणखी खाली सरकली.

लोखंड काढता येतं, परत घालता येत नाही. शिकाऊ होता तेव्हापासून त्याला हे ठाऊक होतं. तरी तो गुडघ्यांवर बसला आणि जमिनीवरचा कीस रुमालात गोळा करू लागला.

"दाजी, काय करायलाव? गाडी जाईल."

गंगाखेडहून डबलसीट पालमला पोचेपर्यंत दुपार कलली.

बन्सीधरची आई, धुरपताबाई, दारातच बसली होती. तिनं आत बोट दाखवलं.

"बोलायली का?"

"मगापर्यंत बोलत व्हती."

विमल खाटेवर उताणी होती. पदर तोंडावरून ओढलेला.

"विमल."

तिनं हात किंचित हलवला. श्वास चालू होता, छाती वरखाली होत होती.

पदर कपाळापासून हनुवटीपर्यंत सरळ पडला होता. मध्ये कुठंच उचललेला नव्हता.