देठावरचे नाक

विजयादशमीचे तांबडे फुटले तेव्हा रुद्रमाळ किल्ल्याच्या तटावरून धुके दरीत उतरत होते, आणि सदरेवर शस्त्रपूजेला जमलेले मानकरी शेले सावरीत अशा दिमाखात बसले होते, की जणू गड यांच्याच मनगटांवर तोलला आहे. वास्तविक गेल्या सालात गनीम दोनदा खोऱ्यात येऊन गेला, तेव्हा यांतल्या एकाचीही तलवार म्यानाबाहेर आली नव्हती.

सर्वांत भारी शेला सबनीस बहिरोपंतांचा. सीमोल्लंघनाला शिबंदी गडाखाली उतरली की चोरदिंडी आतून उघडून द्यायची, असे या गृहस्थाने गनिमाला लिहून दिले होते. ते पत्र चोरदिंडीचा नाईक रायाजी गव्हाणे याच्या हाती लागले. पण तो किल्लेदारांपर्यंत पोचण्याआधीच सबनिसांच्या माणसांनी त्याला घाटात गाठले, पत्र जाळले आणि त्याचे नाक कापले; गनिमाकडे मग दुसरे पत्र गेले. जीव घेण्याची गरजच नव्हती. नकट्याची साक्ष सदरेने ऐकायची नाही, हा गडाचा रिवाज. आणि रिवाज सांभाळण्यात आमचे मानकरी मोठे शूर.

आज तोच रायाजी, पायथ्याच्या मालू कुंभाराला सोबत घेऊन, सदरेसमोर उभा राहिला.

"सरकार, साक्ष द्यायला आलोय. मला नाक आहे."

सदर खदखदून हसली. नाक होते खरे. पण सुजलेले, आणि दोन भुवयांमधून पिळवटून आलेल्या कातडीच्या देठाला लटकल्यासारखे.

"कुंभाराचे काम दिसते," बहिरोपंत म्हणाले. "हुजूर, पाणी मागवावे. चिखल आहे, विरघळेल."

किल्लेदार त्र्यंबकरावांनी खूण केली. तांब्याभर पाणी रायाजीच्या तोंडावर ओतले गेले. नाक जागेवरच राहिले.

"मग भाजलेले असेल," सबनीस म्हणाले.

मालू हात जोडून म्हणाला, "मायबाप, माती न्हाई ती. मेणाचं नाक केलं, ते चपटं करून कपाळावर ठेवलं, तेवढं कातडं सोडवलं नि देठावर फिरवून खाली बसवलं. देठातनं रगत येतं, म्हणून ते जगतं. पाच दिसांनी देठ कापीन. हात माझा, जगवणारा पांडुरंग."

त्र्यंबकराव उठले. त्यांनी ते नाक बोटाने दाबले. "बोट लागलेले कळले?"

"कळलं सरकार. कपाळावर."

पुन्हा हशा पिकला. "ज्याला आपल्या नाकाचा ठावठिकाणा ठाऊक नाही," बहिरोपंत म्हणाले, "तो आमचा ठाव सांगणार."

"पंत, कातडं कपाळाचं आहे," रायाजी म्हणाला, "ते अजून आपलं जुनं घर विसरलं नाही. तुम्ही तर गडाचं मीठ खाऊन विसरलात."

एवढे बोलून त्याने पूजेतली कट्यार उचलली, मस्तकी लावली आणि तिचे टोक त्या नव्या नाकावरून, जे करताना पानाचा विडा चघळीत तो निमूट पडून राहिला होता, ओढले. हात एकवार आपसूक कपाळाकडे गेला.

"कुंकू आहे ते पात्याचे," सबनीस घाईने म्हणाले.

कुंकू थेंबाथेंबाने गळत नाही. रक्त ओठावर आले, दाढीत उतरले, पूजेच्या पाटावर टपटपले. आता कुणी हसेना. मानकऱ्यांना एकाएकी आपापल्या शेल्यांचे पदर न्याहाळावेसे वाटू लागले.

"माती रक्त सांडत नाही," त्र्यंबकराव म्हणाले. "नाईक, बोला."

रायाजी बोलला. सीमोल्लंघन थांबले. चोरदिंडीखालच्या घळीत शिड्या घेऊन दबा धरलेले दोनशे लोक दुपारपर्यंत शिबंदीने पिटाळले, आणि धरलेल्या जमादाराने सबनिसांचे नाव न विचारता घेतले.

"कापा नाक," किल्लेदार म्हणाले. "मालू, यांना नवे करून देशील?"

"करीन की. पर कातडं ज्याचं त्याचंच लागतं, मायबाप. तिथं उसनं चालत न्हाई."

"सरकार," रायाजी म्हणाला, "राहू द्या त्यांचं. नाक असून माणूस किती नकटा असतो, ते लोकांना दिसू दे."

बहिरोपंतांना तसेच, शाबूत नाकानिशी, गडाखाली घालवून दिले. पाचव्या दिवशी मालूने पांडुरंगाचे नाव घेत रायाजीचा देठ कापला. पुढे खोऱ्यातल्या बाजारात पंत दिसले, की समोरचा माणूस मुकाट्याने आपले नाक चाचपून पाही आणि बाजूने निघून जाई.