कुंपण

ताईची कुत्री अख्ख्या घरावर हुकूम गाजवायची, म्हणून तिला सगळे बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांच्या स्तनातली गाठ काढली आणि तपासायला आली ती नेमकी धाकट्या बहिणीच्या लॅबमध्ये.

"साधी की वाईट, खरं तेच सांग," ताई फोनवर म्हणाली. "ती गेली तर मी एकटी पडेन गं."

धाकटीने मेणात बसवलेल्या गाठीचा पातळ काप घेऊन त्याला मार्कर, म्हणजे ठरावीक पेशींनाच चिकटणारा रंग, लावला. ग्रंथीभोवती आधारपेशींचं कुंपण असतं, ते या मार्करने तपकिरी दिसतं. कुंपण शाबूत तर गाठ बहुधा साधी. इथे ते जागोजाग मोडलं होतं. म्हणजे गाठ वाईट.

पण आशा मोठी चिवट असते. तिने टेक्निशियनकडून त्याच गाठीचे आणखी खोल काप करून घेतले. दुसऱ्यात भगदाडं लहान दिसली, तिसऱ्यात जेमतेम एक उरलं, आणि चौथ्यात कुंपण सलग! मेणातलं मेलेलं मांस डागडुजी कशी करेल?

"अदलाबदल केलीत ना?" ती टेक्निशियनवर उखडली.

"नाही हो मॅडम, आज ही एकच गाठ आहे." मग त्याने जीभ चावली. "पण चौथ्या कापाला बाटली चुकली. माणसांच्या पेशींचा मार्कर लागला."

तो मार्कर कुत्र्याच्या पेशींना ढुंकूनही विचारत नाही. काप कोरा दिसायला हवा होता.

तिने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाकी सगळं कोरंच होतं. फक्त कुंपण तपकिरी, जणू माणसाच्या पेशींनी ओढलेली रेष.

जुन्या साठ्यातल्या दुसऱ्या कुत्रीच्या कापाला तिने तीच बाटली लावून पाहिली. तो कोराच राहिला.

रिपोर्टात तिने पहिल्या कापाचं खरं तेच लिहिलं. पण पुढच्या प्रत्येक तपासणीत बाईसाहेब ठणठणीत निघाल्या. छाती स्वच्छ, भूक दांडगी, हुकूम पहिल्यासारखे. शेवटच्या तपासणीला दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या.

"तुला म्हणून सांगते, हसू नकोस," ताई डोळे पुसत म्हणाली. "गाठ हाताला लागल्यापासून ऑपरेशनपर्यंत मी रोज तिच्यावर हात धरून बसायचे. म्हणायचे, माझं काय हवं ते घे."

धाकटी हसली नाही. तिने ताईचा हात उलटा करून उजेडात धरला.

तळव्यावर एकही रेष नव्हती.