निळं टोपण

फायबर केबलच्या टोकावर मोहरीच्या दाण्याहून लहान पांढरा ठिपका होता. जगदेवीने तो भिंगातून पाहिला, मग बोटावर घेऊन चोळला.

"धूळ असंल," बंडप्पा म्हणाले. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर ते तिच्या तपासकामात मदत करत.

"धूळ टोचते. ही राख आहे."

उमरग्यात हायवेलगत असलेल्या या तपासणी केंद्रातले रुग्णांचे सगळे स्कॅन एकाच सामायिक स्टोरेजमध्ये राहत. ब्लेड सर्व्हरच्या, म्हणजे मुख्य संगणकाच्या, मागे दोन स्विच, म्हणजे केबली जोडायच्या पेट्या, होते आणि प्रत्येकातून एक केबल स्टोरेजकडे जाई. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालावं, म्हणून दोन.

येळवशीला, वेळ अमावास्येच्या सणाला, सगळं गाव शेतावर जेवायला गेलं असताना दुपारी स्टोरेज दिसेनासं झालं. अपघातातल्या एका ट्रक ड्रायव्हरचा स्कॅन उघडेना, त्याला सोलापूरला हलवावं लागलं. तो वाचला. पण केंद्राचे मालक डॉ. सिद्धाराम यांनी सिस्टिम सांभाळणाऱ्या राजनंदिनीवर ठपका ठेवला. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर ते पोलिसांत तक्रार देणार होते. मग तिला कुणीही कामावर ठेवलं नसतं, म्हणून तिनेच जगदेवीला बोलावलं होतं.

डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. दसऱ्यापासून एका केबलचा दिवा नारिंगी झाला होता. कंपनीचा माणूस बोलवा, म्हणून राजनंदिनी मागे लागली होती. येळवस झाल्यावर बघू, असं ते म्हणाले होते. त्यांना धडा शिकवायला तिने दुसरी केबल उपटली.

"नारिंगी दिव्याचं आणखी कुणाला माहीत होतं?" जगदेवीने डॉक्टरांना विचारलं.

"आम्हा दोघांनाच."

राजनंदिनीने वेगळं सांगितलं. डॉक्टरांचा धाकटा भाऊ नंदीश तिच्यासाठी शेतावरून भज्जी-आंबिलीचा डबा घेऊन आला. पुढच्या खोलीत ती जेवत असताना स्क्रीन थांबले. ती धावत मागे गेली तेव्हा केबल लोंबत होती आणि तिच्या टोकाला धूळ अडवणारं निळं टोपण होतं. टोपण काढून तिने केबल बसवली, पण सगळं परत सुरू व्हायला तास गेला.

"मला मोडायचंच असतं, तर डबा तरी निवांत संपवला असता, ताई."

जगदेवीने टोपण घेतलं. राजनंदिनीच्या कपाटातली आणि यंत्रांवरची सगळी टोपणं काळी होती.

ही यंत्रं नंदीशनेच बसवून घेतली होती. दसऱ्याआधीपासून तो हैदराबादला होता, तिथून थेट येळवशीला आला. गाडीतलं सामानही अजून उतरवलं नव्हतं. डबा देऊन आपण मागच्या दाराने निघालो, असं तो म्हणाला. "स्वतःच्या घराचं नुकसान कोण करंल?"

शेवटी दोघा भावांचे वडील माणिकप्पा, घरातले आप्पा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा त्यांनीच केली होती.

"खालची वायर काढून टोकाला इभूत लावली, परत बसवली. वरच्या वायरीला हात पुरला न्हाय, बाई."

जगदेवीने सगळ्यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"या केबलमधून उजेड जातो. आप्पांच्या विभूतीनं तो अडला. दसऱ्यापासून काम एकाच केबलवर चालू होतं. येळवशीला तीही कुणीतरी काढली, पण टोपण घालून. मोडायला आलेला माणूस टोक जपत नाही. त्याला ती परत बसवायची होती. तोवर दुसरी केबल काम सांभाळंल, असं तो धरून चालला."

"मग राजनंदिनी न्हाय," बंडप्पा सावकाश म्हणाले. "दुसरी बंद हाय, हे तिला ठाऊक व्हतं."

"डॉक्टरांनाही होतं. केबली दोन का असतात हे जाणणारा, पण दसऱ्यापासून इथं नसलेला, एकच माणूस आहे. स्विचवर रिकामी जागा नव्हती. ही केबल काढून त्या जागी त्याला स्वतःचं स्टोरेज जोडून स्कॅनची नक्कल करायची होती. नव्या यंत्राचं टोपण त्यानं या केबलला घातलं. राजनंदिनीची चाहूल लागताच आपलं यंत्र उचलून तो मागच्या दारानं गेला. नंदीशराव, गाडीतलं सामान दाखवता?"

नंदीशने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली.

डॉक्टर राजनंदिनीकडे वळले. चूक आपली होती, तक्रार होणार नाही, एवढंच ते म्हणाले. मग भावाला विचारलं, "नक्कल कशाला? मागितली असतीस तर मी नाही म्हणालो असतो का?"

मागण्याआधी जे सांगावं लागलं असतं, ते नंदीश वर्षानुवर्षं टाळत आला होता. येळवशीच्या पंगतीत सांगायचं ठरवून तो शेतावर बसला होता. आप्पा समोर आले, तसा डबा उचलून निघाला होता. आता त्याने आप्पांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"अण्णा," तो म्हणाला, "माझ्या स्वतःच्या केंद्रासाठी. मला वेगळं व्हायचंय."