कोरडं फडकं

सुदर्शनने आधी बॉनेट पाहिलं आणि मग तिला. हा क्रम चुकला, असं त्याला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

साल दोन हजार सात, वार रविवार. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर त्याचं गाड्या पॉलिश करायचं दुकान होतं. ती शेजारी टायरमध्ये हवा भरायला थांबली होती. गाडी नवीकोरी, काळी... आणि बॉनेटवर ताटाएवढ्या जागेत असे ओरखडे, की बघवेना.

"कोणी घासली हो ही?" त्याला राहवलंच नाही.

"आईने," ती म्हणाली. "दसऱ्याला यवतमाळहून आली होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी कुंकू निघेना, तेव्हा त्याच नारळाची शेंडी घेतली आणि भांड्यांची पावडर लावून... हसताय काय?"

"नाही हो. गाडी चकचकीत करायची म्हणजे पातेल्यासारखी, असंच वाटलं असेल त्यांना." तो जवळ आला. "इथे नख फिरवून बघा. अडकतंय?"

तिने हलकेच नख फिरवलं. "नाही."

"मग जाईल. नख अडकलं की समजायचं, खोल गेलंय. त्याला माझ्याकडे इलाज नाही."

तिने मान वर केली. आता मात्र त्याने नीट पाहिलं, आणि पुढचं बोलायचं विसरला.

तिचं नाव उत्कर्षा. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. बॉनेट आरशासारखं होईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली, आणि भिंतीवरची पाटी तिने मोठ्याने वाचली - 'कोरड्या फडक्याने गाडी पुसून इथे रडत येऊ नये.'

"पुण्यात दोन वर्षं झाली मला," ती म्हणाली, "पण 'या' म्हणणारी पाटी काही अजून सापडली नाही."

"धूळ बसलेली असते ना, ती फडक्याखाली घासली जाते," तो ओशाळून म्हणाला. "आधी पाणी मारायचं, मगच हात लावायचा."

"लक्षात ठेवीन," ती म्हणाली.

आणि पुढच्याच रविवारी ती हजर! टपावर बारीक गोल ओरखडे, उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकणारे. "आमचा वॉचमन पुसतो वाटतं," ती म्हणाली. त्यापुढच्या रविवारी दारं. मग पुन्हा बॉनेट. सुदर्शन मशीन फिरवायचा, ती चहा सांगायची. ती यवतमाळच्या कापसाबद्दल बोलायची. तो सांगायचा, की जिथे ती बसलीय, तिथे दहा वर्षांपूर्वी त्यांची ज्वारी उभी असायची. रविवार कधी येतो याची तो सोमवारपासूनच वाट बघू लागला. प्रेमातच पडला होता, दुसरं काय!

दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसणाऱ्या त्याच्या वडिलांनी, दत्तोबांनी, हे सगळं पाहिलं होतं. एका शनिवारी ते म्हणाले, "बैलाला बी रोज खरारा केला तर कातडं सोलवटतं, पोरा. त्या गाडीला तर एकच कातडं हाय."

सुदर्शनला हे ठाऊक नव्हतं का? पॉलिश म्हणजे रंगावरचा पातळ थर दर वेळी थोडा थोडा खाणं. गप्प बसावं तर तिच्या गाडीचा रंग जाणार. बोलावं तर तिचं येणं थांबणार. इकडे आड, तिकडे विहीर.

पाचव्या रविवारी टपावर पुन्हा तीच जाळी होती. त्याने मशीन हातात घेतलं... आणि खाली ठेवलं.

"आज नाही करणार."

"का?"

"आता केलं तर रंग उघडा पडेल. तुमच्या वॉचमनला आवरा. आणि... यापुढे इथे यायची गरज नाही तुम्हाला."

बोलून तर गेला, पण त्याला तिच्याकडे बघवेना. तिने किल्ली बोटाभोवती एकदा फिरवली. मग दार उघडून तिने सीटखालून एक पिवळं फडकं काढलं. खडखडीत कोरडं.

"आमच्याकडे वॉचमनच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मीच पुसत होती ना! दर शनिवारी, हे घेऊन." गडबडली की तिच्या तोंडी यवतमाळ यायचं. "पाटी वाचता येते मला. बावळट समजून राहिले का?"

"अहो, पण एवढी चांगली गाडी..."

"मग काय करू? तुम्ही तर नुसते गाडीकडेच पाहून राहिले होते!"

बाहेर दत्तोबांना अचानक जोराचा खोकला आला, आणि ते उठून पानाच्या टपरीकडे चालते झाले.

सुदर्शनने फडकं तिच्या हातातून काढून घेतलं. "हे जप्त. गाडीला आता वर्षभर मशीन लावायचं नाही."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही... पुढच्या रविवारी गाडी घरीच ठेवून या. माझ्या बाईकवर खडकवासल्याला जाऊ. कणीस खाऊ. याल?"

तिने त्याचा हात धरला आणि पॉलिशने काळ्या झालेल्या त्या तळव्यावरून हलकेच नख फिरवलं.

"अडकलं?" त्याने विचारलं.

"पहिल्याच रविवारी," ती म्हणाली.